गरम झाल्यावर गाडी सुरू होत नाही. गॅरेजवाला म्हणतो, पंप आणि चारही इंजेक्टर बदला

विटेकर_२

नमस्कार मंडळी. डिझेल गाड्यांची माहिती असलेल्यांनी जरा डोकं लावा.

गाडी २०१२ ची, १.३ लिटर, कॉमन रेल डिझेल. दुसऱ्या हाताची घेतलीय, मीटरवर १ लाख ४८ हजार. सकाळी थंड इंजिनवर अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, तक्रार नाही. भानगड गरम झाल्यावर. गेल्या मंगळवारी बेदाण्याचे नमुने घेऊन तासगावला चाललो होतो. गावाच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलो, दहा मिनिटांनी चावी फिरवली तर नुसता सेल्फ फिरतोय, इंजिन धरतच नाही. टपरीवरच्या पोरांनी धक्का मारला तेव्हा झाली. परत येताना तिथंच तोच तमाशा, तीच पोरं. आता ती मला बघितलं की हसतात.

चालू झाली की मात्र पळते. धूर नाही, ॲव्हरेज थोडं पडलंय. कधीतरी चढाला चेक इंजिनचा दिवा लागतो.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी००८७ आला, रेल प्रेशर कमी. त्यांनी लगेच कागद हातात दिला: हाय प्रेशर पंप आणि चार नवे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते), मजुरीसकट ७८ हजार. गाडी विकायला काढली तर तीन लाख येतील की नाही शंका. वडील म्हणतात फुंकून टाक. खरंच सगळं बदलायला लागतं का?

चक्रम_चालक

डिझेलमध्ये टाकायचं क्लीनर मिळतं, एक बाटली टाका आणि हायवेला तिसऱ्या गिअरमध्ये ताणा. माझी सुधारली होती.

पुणेरी_पेडल

क्लीनरने काही होत नाही, चारशे रुपये पाण्यात. मी दोन वर्षांपूर्वी याच दुखण्यावर चारही इंजेक्टर नवे टाकले. एक बदलला की सहा महिन्यांत दुसरा जातो, म्हणून एकदाच काय तो खर्च करून मोकळे व्हा. पंपाचं मात्र दुसरं मत घ्या.

नोझलवाला

विटेकर, त्या ७८ हजारांच्या कागदाची आधी घडी घाला आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. लागलाच तर पुढं बघू.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात पंप-नोझलचं काम करतो. १९९१ ला वस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा सगळे मायकोचे लाइन पंप, ट्रक-ट्रॅक्टरचे. (मायको म्हणजे आताची बॉश. कंपनीनं २००८ ला नाव बदललं, आमच्या तोंडातलं अजून बदललं नाही.) तेव्हा नोझल, म्हणजे इंजेक्टरचं फवारा सोडणारं टोक, तपासायचं म्हणजे हाताच्या टेस्टरवर चढवायचं, दांडा दाबायचा आणि कान द्यायचा. चांगलं नोझल टर्रर्र करून ओरडतं आणि धुक्यासारखा फवारा सोडतं. मुकं नोझल म्हणजे गेलेलं. वस्ताद तर पाठमोरे उभे राहून, नुसत्या आवाजावर, ठेवायचं की फेकायचं ते सांगायचे. कॉमन रेल आल्यावर कानाचं काम संपलं. डोक्याचं नाही संपलं.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. थंड असताना होते, गरम झाल्यावर होत नाही, धक्का मारला की होते. निम्मं निदान तुम्हीच करून पाठवलंय.

आधी ही गाडी डिझेल कसं मारते ते बघा. जुन्या पंपात ज्या सिलिंडरची पाळी त्याच्याच पाइपात त्या क्षणापुरतं प्रेशर यायचं. इथं पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, सतत प्रेशर भरून ठेवतो. आयडलला साधारण ३०० बार आणि पूर्ण ताणली की १६०० बारपर्यंत. आपल्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतं, त्यावरून अंदाज करा. चारही इंजेक्टर त्या एकाच रेलला जोडलेले. कधी उघडायचं, किती वेळ उघडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतं. सेल्फ मारताना रेलमध्ये ठरावीक प्रेशर जमल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. गाडीगाडीचा आकडा वेगळा, पण १५० ते २५० बार धरा. तेवढं जमलं नाही तर सेल्फ बॅटरी उतरेपर्यंत फिरेल, डिझेलचा थेंब आत जाणार नाही. म्हणून धूरही येत नाही.

आता इंजेक्टर. लोकांना वाटतं वरची कॉइल सुई उचलते. एवढ्या प्रेशरखालची सुई उचलायची ताकद त्या कॉइलमध्ये कुठली! ती उचलते मोहरीच्या दाण्याएवढी एक गोळी. सुईच्या वरही रेलचं डिझेल असतं आणि खालीही. दोन पैलवान समजा. वरचा अंगानं मोठा, म्हणून खालच्याला दाबून बसलेला असतो. कॉइलनं गोळी उचलली की वरच्याच्या खोलीतलं डिझेल बारीक भोकातून निसटतं, त्याचा जोर सुटतो आणि खालचा उसळी मारून सुई उचलतो. गोळी परत बसली की वरचा पुन्हा छातीवर. २००० आरपीएमला एका इंजेक्टरला मिनिटाला हजार वेळा ही कुस्ती करावी लागते. त्यातही एका खेपेला एकदाच मारत नाही, आधी पायलटचा चिमूटभर डोस आणि मग मोठा.

वरून निसटलेलं डिझेल रिटर्नच्या बारीक नळीनं टाकीत जातं. म्हणजे थोडं रिटर्न येणार, तशी रचनाच आहे. पण डिझेलमधल्या पाण्यानं नाहीतर कचऱ्यानं गोळीची बैठक खाल्ली, की बंद असतानाही तिथून सारखं गळत राहतं. पंप भरतोय आणि इंजेक्टर रिकामं करतोय. थंड डिझेल जरा दाट असतं, कमी गळतं, म्हणून सकाळी सुरू होते. गरम झालं की पातळ होतं, दुप्पट गळतं. सेल्फ इंजिनाला दोन-अडीचशे आरपीएमनं फिरवतो, तेवढ्यात पंप ती गळती भरून काढू शकत नाही. धक्क्यानं इंजिन जोरात फिरतं, पंप जास्त देतो, प्रेशर जमतं आणि गाडी होते.

स्कॅनर खोटं बोलला नाही. रेलमध्ये प्रेशर कमी आहे एवढंच तो म्हणाला. गच्चीवरची टाकी भरत नाही म्हटल्यावर मोटर गेली का खाली नळ उघडा राहिलाय, हे टाकी कशी सांगणार? तुमच्या गॅरेजवाल्यानं मोटरही बदलायला काढली आणि घरातले सगळे नळही.

तर बाटली टेस्ट करा. ओळखीच्या फिटरला बरोबर घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मेडिकलमधून सलाईनचे चार सेट आणा आणि एकसारख्या, मापाच्या खुणा असलेल्या चार बाटल्या घ्या. इंजिन चांगलं गरम करून बंद करा. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर रिटर्नची बारीक नळी क्लिपेनं बसलेली असते, ती काढा, त्या जागी सलाईनची नळी लावा आणि दुसरं टोक बाटलीत सोडा. गाडीच्या रिटर्नची जी तोंडं मोकळी होतील ती बुचं मारून बंद करा, नाहीतर डिझेल उलटं येऊन गरम इंजिनावर सांडेल. मग धक्का मारा नाहीतर थंड होऊ द्या, पण सुरू करा आणि पाच मिनिटं आयडलला ठेवा. बंद करा, बाटल्या ओळीनं मांडा, फोटो काढा. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. सलाईनची नळी डिझेलनं कडक होते, परत वापरू नका.

आणि एक अगदी महत्त्वाचं. जाड लोखंडी पाइपांच्या नटाला इंजिन चालू असताना हात लावायचा नाही. जुने फिटर मिसिंग, म्हणजे कुठला सिलिंडर पेटत नाही ते, शोधायला चालू इंजिनवर एकेक नट ढिला करायचे, मीसुद्धा वीस वर्षं केलंय. कॉमन रेलला ती सवय म्हणजे आत्महत्या. त्या प्रेशरची धार कातडी फोडून आत जाते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून घरी जातो आणि आत मांस सडत राहतं. माझ्या ओळखीच्या एका फिटरचं बोट असंच कापावं लागलं. असं कुणाला झालं तर थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगायचं.

पुणेरी साहेब, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण तुम्ही चारही बदललेत, त्यामुळे बाकीचे तीन किती चालले असते हे तुम्हालाही ठाऊक नाही. एक दात किडला म्हणून कुणी कवळी बसवतं का?

विटेकर_२

नोझलवाले काका, आज टेस्ट केली. चुलतभावाचा मित्र ट्रॅक्टरचा फिटर आहे, तो आला होता. मेडिकलवाल्यानं चार सलाईन सेट मागितल्यावर विचारलं, घरात कोण आजारी आहे? म्हटलं गाडी.

पाच मिनिटांनी बाटल्यांमध्ये आलेलं:
१ नंबर १८ मिली
२ नंबर २० मिली
३ नंबर ७५ मिली
४ नंबर २२ मिली

तीन नंबरच्या नळीत सुरू केल्या केल्या धार लागली होती, बाकीच्यांत थेंब थेंब. फिटर म्हणाला, याला स्कॅनर कशाला पाहिजे, आंधळ्यालाही दिसेल. आणि तीन नंबर इंजेक्टरच्या बुडाशी काळं डांबरासारखं काहीतरी साचलंय, ते काय?

नोझलवाला

झालं की मग. तीन नंबर चोर.

तरी पंपाला अजून निर्दोष सोडू नका. गाडी गरम करा, बंद करा, आता होत नाही अशी खात्री करून घ्या. मग तीन नंबरचा जाड पाइप रेलच्या बाजूनं काढून तिथं आंधळा नट मारा, बूच म्हणा. इंजिन बंद झाल्यावर दहा मिनिटं जाऊ द्या, तोवर प्रेशर उतरतं, मगच पाना लावा. तीन नंबरच्या कॉइलचं सॉकेटही काढून ठेवा. आता सेल्फ मारून स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. भसकन वर चढलं तर पंप ठणठणीत. तरीही रडत बसलं तर पंप, त्याचा रेग्युलेटर किंवा टाकीकडून येणारा पुरवठा बघायचा. डिझेल फिल्टर कधी बदललाय? फिल्टरच्या बुडाचा स्क्रू उघडून वाटीत काढा, पाणी निघालं तर गोळीची बैठक कुणी खाल्ली ते कळेल.

डांबर म्हणजे खालचा कॉपर वॉशर गळतोय. जळका गॅस इंजेक्टरच्या कडेनं वर येतो आणि तिथं थिजतो. चढाला चफ-चफ आवाज येत असेल, लक्ष द्या. हा इंजेक्टर काढताना हातोडा नको. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी थोडं इकडं, थोडं तिकडं असं फिरवत सोडवा. घाई केली तर इंजेक्टर हातात आणि नोझल हेडमध्ये. खालची बैठक साफ करून नवाच वॉशर टाकायचा. जुना वॉशर भाजून परत वापरणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

काढलेला इंजेक्टर चांगल्या टेस्ट बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनवर, द्या. सांगलीत मिळेल, इकडं यायची गरज नाही. गोळी आणि बैठकीचा सेट बदलतात, नोझल खराब असेल तर तेही. नंतर बेंचवर आयडल, पायलट, फुल लोड आणि रिटर्न असे चारही आकडे काढतात. तो कागद मागून घ्या. कागद न देणाऱ्याकडं टाकू नका, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना.

मीनल_ठाणे

विषयांतराबद्दल माफ करा. माझी २००९ ची पेट्रोल गाडी आहे, सिग्नलला आयडलवर मध्येच हिसका देते. सर्व्हिसवाले दर वेळी इंजेक्टर क्लीनिंग म्हणून अडीच हजार लावतात. पेट्रोललाही हे रिटर्नचं प्रकरण असतं का?

नोझलवाला

नाही ताई, तुमचं घराणं वेगळं. तुमच्या गाडीत इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, फवारतो, प्रेशर तीन-साडेतीन बार. तिथं कॉइल स्वतःच सुई उचलते, पैलवान लागत नाहीत. आयडलला एका वेळी दोन-तीन मिलीसेकंद उघडतो. बिघडतो तो बहुतेक राळ साचून, आतली चिमुकली जाळी चोंदून, नाहीतर कॉइल जाऊन. कॉइलचं मल्टीमीटरवर साधारण १२ ते १६ ओहम यायला हवं. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजेक्टरला लावलं की टिकटिक ऐकू येते. चारात एखादा गप्प असेल तर कळतं. बघा, इथं अजून कान चालतो.

पण हिसका म्हणजे इंजेक्टरच, असं धरू नका. स्कॅनरवर अमुक सिलिंडर मिसिंग आलं, तर त्याची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग कॉइलबरोबर गेलं तर इंजेक्टर बिचारा निर्दोष. प्लग आणि थ्रॉटल बॉडीची काजळीही बघून घ्या. दर सर्व्हिसला क्लीनिंगची गरज नाही. करायचंच झालं तर इंजेक्टर काढून, अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन, चौघांचा फवारा काचेच्या नळ्यांत समोर दाखवतात तिथं करा. आणि हल्ली पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. तुमच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगा त्यासाठी बनवलेल्या नाहीत. बॉनेट उघडून नळ्यांना चिरा किंवा पेट्रोलचा वास आहे का ते बघत जा.

विटेकर_२

काका, बूच मारून बघितलं. आधी सेल्फवर ११० बारच्या वर जात नव्हतं, बूच मारल्यावर तीन सेकंदांत २८० आणि तीन सिलिंडरवर सुरूसुद्धा झाली. पंप वाचला! फिल्टरमधून वाटीभर डिझेल काढलं, तळाला पाणी चक्क वेगळं दिसत होतं. फिल्टर कधी बदलला होता ते आधीच्या मालकाला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, फिल्टर असतो होय?

तीन नंबर सांगलीत करून आणला, कागदासकट. इंजेक्टरचे ४ हजार ८००, फिल्टर, वॉशर आणि फिटरची मजुरी धरून सगळे मिळून ७ हजारांच्या आत. गरम असताना दहा वेळा बंद-चालू केली, दहाही वेळा एका झटक्यात.

पण नवीन कुरापत. आयडलला टक-टक आवाज येतोय आणि गाडी थरथरते. आधी असं नव्हतं. इंजेक्टर नीट झाला नाही का?

नोझलवाला

कोड टाकला का?

इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. कारखान्यातून निघालेले दोन इंजेक्टर सारखे नसतात, एकाच वेळेत एक किंचित जास्त सोडतो, एक कमी. किती फरक आहे ते त्या कोडात असतं, ईसीएम त्याप्रमाणे वेळ कमी-जास्त करतं. तुमच्या तीन नंबरची गोळी-बैठक नवी झाल्यावर त्याची चाल बदलली, पण ईसीएम अजून जुन्याच हिशेबानं चाललंय. पायलटचा चिमूटभर डोस हुकला की टकटक होणारच. बेंचवाल्यांच्या मशीनला जमत असेल तर ते नवा कोड काढून देतात, कागदावर खाली बघा.

काम करताना बाकीचे इंजेक्टर काढून जागा तर बदलल्या नाहीत ना? एक नंबरचा दोनात गेला तरी हाच आवाज येतो.

विटेकर_२

कागदाच्या तळाला होता कोड! मला तो बिल नंबर वाटला. स्कॅनरवाल्यानं दोन मिनिटांत तीन नंबरच्या रकान्यात भरला, आवाज बंद. बाकीचे काढले नव्हते.

आज पुन्हा तासगावला गेलो. मुद्दाम त्याच टपरीवर थांबलो, इंजिन बंद केलं, आरामात दोन चहा घेतले. मी गाडीकडं निघालो तशी ती तिघं पोरं न सांगता उठून मागं येऊन उभी राहिली, बाह्या सरसावून. चावी फिरवली आणि निघालो. आरशात बघतोय तर एकाचे दोन्ही हात अजून पुढंच.